फी शून्य, खर्च साडेतेरा हजार

माझ्या घरखर्चाच्या वहीत डिसेंबर २०२३चं एक पान आहे. एसटी, सांगली ते हातकणंगले, जाऊन-येऊन अर्ध्या तिकिटात ५० रुपये. पुढे आळत्यापर्यंत रिक्षा, दोन्ही वेळची मिळून २५०. सैल सुती ड्रेस दोन, ८५०. बॅटरी १५०. गुडघ्याचा पट्टा ३५०. बिनपगारी रजा आठ दिवस, दिवसाला ८०० प्रमाणे ६,४००. सासूबाईंजवळ दिवसभर थांबायला बाई, बारा दिवस, ३,६००. नवरा आणि मुलगा यांचा रात्रीचा डबा, १,९२०. बेरीज १३,५७०. आणि सगळ्यात वरच्या ओळीत मी मुद्दाम लिहून ठेवलंय: शिबिराची फी, ०.

तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. सांगलीत एका खासगी फर्ममध्ये हिशेबाचं काम करते, त्यामुळे वही लिहायची सवय हाडात मुरलेली आहे. ध्यानाच्या शिबिराला का गेले ते सांगते. शेजारच्या काकूंनी डबा परत केला, झाकणाशिवाय. त्यावरून मी अख्खी संध्याकाळ धुसफुसत होते. भाजी करपली, मुलावर ओरडले, रात्री डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू झाकण घेऊन आल्या, राहिलं होतं म्हणाल्या आणि हसून गेल्या. तेव्हा कळलं की राग झाकणाचा नव्हता. मग कशाचा होता? ते काही सांगता येईना. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांचा मेळ घालणाऱ्या बाईला स्वतःच्या मनातली एक नोंद सापडत नव्हती, आणि याची मला मनापासून भीती वाटली.

चाळिशी उलटली की अशी वेळ पुष्कळांवर येते. मुलं पुण्याला गेलेली असतात किंवा जायच्या वाटेवर असतात, घरातली म्हातारी माणसं अंथरुणाला खिळायला लागतात, आपल्या उशाशी बीपीची पहिली गोळी येते. बायकांची पाळी जायच्या बेतात असते, तेव्हाचं अंगाचं आणि मनाचं तापणं वेगळंच. कोणीतरी म्हणतं, ध्यान कर, बरं वाटेल. मग पहिला प्रश्न येतो तो फीचा. गेल्या काही महिन्यांत तिघीचौघींनी मला तो विचारला, म्हणून हे लिहायला घेतलं. ध्यान कसं करावं हे मी सांगणार नाही. ते शिकवणाऱ्या जागा सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या हाताशी आहेत. तिथे जायला किती दिवस लागतात, किती पैसे लागतात आणि पैसे कुठे जपून द्यावेत, एवढंच सांगते.

आळत्याची टेकडी

सांगली-मिरजकरांना जवळ पडणारं निवासी विपश्यना केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात आहे. हातकणंगले तालुक्यात, आळते गावाजवळ, रामलिंगच्या रस्त्याला. नाव धम्मालय. सांगलीहून जयसिंगपूरमार्गे तीसेक किलोमीटर. कराड, पाटण, साताऱ्याच्या लोकांनाही पुणे-बंगळुरू महामार्गानं हे सरळ आहे. वाई, खंडाळा, फलटणकडच्यांनी पुण्याची केंद्रं बघावीत. एक स्वारगेटला शहरातच आहे, दुसरं आळंदीजवळ मरकळला. या सगळ्यांचं मूळ म्हणजे इगतपुरीचं धम्मगिरी. ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस. म्हणजे त्यांच्याही आयुष्याचा मोठा भाग चाळिशीनंतरच सुरू झाला. २०१३ मध्ये ते गेले, पण शिबिरात आजही संध्याकाळचं प्रवचन त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतं.

पैशाचा नियम नीट समजून घ्या, कारण यावरून फार गैरसमज आहेत. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेही पैसे घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं चालतं. ज्यानं एकही दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याचं दान घेतच नाहीत. शेवटी द्यायचं असेल तर द्या, किती द्यायचं याला आकडा नाही. नाही दिलं तरी कोणी मागत नाही. नावनोंदणीलाही पैसे नाहीत, अर्ज ऑनलाइन भरायचा. तुमची जागा पक्की करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण रजा बारा तारखांची लागते. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा आणि काहीतरी हलकं, साडेनऊला दिवे बंद. मध्ये दहा तासांच्या वर बसणं. बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा. वही-पेन, पुस्तक काही नाही. मला वही नसण्याचा त्रास मोबाइलपेक्षा जास्त झाला.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी आपल्या भागातल्या लोकांनी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली तंबाखूची. केंद्रात तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही, आणि आपल्याकडे तंबाखू म्हणजे फक्त पुरुषांच्या चंचीतली नव्हे, बायकांची सकाळची मिश्रीही त्यात आली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे पहिले तीन दिवस निव्वळ डोकेदुखीत गेले. सोडायचीच आहे तर शिबिराच्या आधी पंधरा दिवस कमी करत आणा. दुसरी गोष्ट जपाची. त्या दहा दिवसांत दुसरी कोणतीही साधना करायची नाही, माळ ओढायची नाही, स्तोत्र म्हणायचं नाही, अशी अट असते. ज्यांच्या घरात रोजचा रामनामाचा किंवा हरिपाठाचा नेम आहे, त्यांना हे जड जातं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकऱ्यांनी तर केंद्राशी आधीच बोलून घ्यावं. तिथे पोहोचल्यावर दारात पेच पडण्यापेक्षा हे बरं. नेम मोडायचा नसेल तर हे शिबिर तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही, पुढे दुसऱ्या वाटा सांगितल्या आहेत.

आणि हो, मला तिथे काय मिळालं, हेही सांगायला हवं, नाहीतर खर्चाला अर्थ काय. सहावा दिवस, दुपारी अडीचची सामुदायिक बैठक. तासभर हलायचं नाही असं ठरवून बसलेलो. उजवा गुडघा पेटलेला. मागे कोणीतरी खोकत होतं. आणि अचानक ते झाकण आठवलं. राग येताना पहिल्यांदाच मी त्याला येताना बघितलं. विचार नंतर आला. आधी घशाच्या खाली, दोन बोटं रुंद जागेत काहीतरी आवळलं, तहान लागल्यावर आवळतं तसं. तिथेच लक्ष ठेवून बसले. मग आठवलं, लग्नात आईनं मला एक पितळी डबा दिला होता, कडीच्या झाकणाचा. सासरी पहिल्याच वर्षी तो कोणीतरी कोणालातरी देऊन टाकला होता. मला विचारलंही नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्या डब्याचं नावही काढलं नव्हतं. राग डब्याचाही नव्हता. मला कोणी विचारत नाही, याचा होता. डोळ्यांतून पाणी आलं, गुडघा दुखतच राहिला, तास संपल्याची सूचना आली. जेवणाची ताटं आपली आपण धुवायची असतात. संध्याकाळी चहाचा पेला धूत असताना माझ्या लक्षात आलं की इथे माझा पेला फक्त मीच धुतेय, बाकी कोणाचा नाही. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं.

राग अजून येतो. आता तो कुठून निघतो ती जागा माहीत आहे, एवढाच फरक. तेवढ्यासाठी साडेतेरा हजार मी पुन्हा खर्च करीन.

बारा दिवस कोणाला किती पडतात

फी शून्य असली तरी हे बारा दिवस प्रत्येकाला वेगळे पडतात. राज्य शासनाच्या नोकरीत असाल तर विपश्यनेसाठी रजेची सवलत देणारा शासन निर्णय आहे. त्याच्या अटी आस्थापना शाखेत विचारा आणि शिबिराची जागा पक्की झाल्याचा कागद जोडून अर्ज महिनाभर आधी द्या. खासगी नोकरीत बहुतेकांना माझ्यासारखी काही हक्काची, काही बिनपगारी रजा घ्यावी लागते. दिवसाचा पगार गुणिले बिनपगारी दिवस, हा आकडा आधी कागदावर मांडा. दुकानदारांनी दिवाळी आणि लग्नसराई सोडून तारखा बघाव्यात.

शेतकऱ्यांनी तारीख फार जपून धरावी. उसाची टोळी कधी येईल याचा नेम नसतो, आणि फडात तोड आली असताना तुम्ही मोबाइल जमा करून बसलेले असाल तर घरच्यांचे हाल होतील. हळदवाल्यांचं फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, शिजवणं, पॉलिश, सौदा असं एकामागून एक असतं. तासगावकडचे द्राक्षवाले ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत ढग आले की पंपाकडे धावतात, त्यांना थंडीत बारा दिवस सुटका नाही. माझ्या माहितीतले बागायतदार भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये जातात. माण-खटावकडे पेरणी उरकून पहिली भांगलण झाली की निघावं. गोठ्यात दुभतं जनावर असेल तर धार काढायला माणूस आधी ठरवा. त्याची मजुरी हाच तुमचा सगळ्यात मोठा खर्च ठरेल.

प्रवासाचे पैसे फार नाहीत. एसटीत सगळ्या बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, पंचाहत्तरच्या पुढे पूर्ण मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. नवे कपडे घ्यायची खरं म्हणजे गरज नव्हती, मी उगाच घेतले. जुने सैल कपडे, पांघरूण, थंडीत लोकरी टोपी आणि सेलची बॅटरी, एवढं पुरतं. ध्यानाची म्हणून मिळणारी महागडी उशी घेऊ नका, घोंगडी चौपदरी दुमडली की तेच काम होतं. मांडी घालता येत नसेल तर अर्जात लिहा, खुर्चीची सोय होते. खुर्चीवर बसून ध्यान करणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही.

गोंदवले, सज्जनगड आणि उमदी

बारा दिवस सुटी मिळणं अशक्य असेल, किंवा मन नामातच रमत असेल, तर सातारा जिल्ह्याइतकी श्रीमंती क्वचित कुठे सापडेल.

माण तालुक्यातलं गोंदवले बुद्रुक हे ब्रह्मचैतन्य महाराजांचं गाव. १८४५ ते १९१३ हा त्यांचा काळ. त्यांनी सांगितलेली साधना एका ओळीत बसते: रामनाम घ्या, प्रपंच सोडू नका. दुष्काळी भागात त्यांनी अन्नदान चालू ठेवलं आणि ते आजही चालू आहे. संस्थानात मुक्कामाला पैसे नाहीत, प्रसादाला पैसे नाहीत. खोली गर्दीवर अवलंबून असते, तेव्हा हॉलमध्ये अंथरूण टाकायची तयारी ठेवून जा. साताऱ्याहून पंढरपूर रस्त्यानं कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत साधारण सत्तर किलोमीटर. साध्या एसटीनं जायला-यायला मिळून अडीचशे रुपये धरा, बायकांना निम्मे. मार्गशीर्षात पुण्यतिथीचा उत्सव असतो, तेव्हा भक्तीचा महापूर असतो, पण पहिल्यांदा शांत बसायला जाणाऱ्यानं ते दिवस टाळावेत. एरवीच्या मंगळवारी-बुधवारी जा. पहाटेची काकड आरती झाल्यावर समाधीपाशी माळ घेऊन बसलेली माणसं बघा. निवृत्त मास्तर, एसटीचे कंडक्टर, भाजीवाल्या मावशी. कोणी कोणाशी बोलत नाही आणि कोणाला तसं सांगावंही लागत नाही. तुळशीची माळ बाहेर पन्नास-शंभर रुपयांत मिळते.

सज्जनगडाला साताऱ्याहून एसटीचं तिकीट तीस-पस्तीसच्या घरात. वाहनतळापासून वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी न्या आणि उन्हाच्या आत चढा. समर्थांची समाधी, दुपारचा महाप्रसाद, राहायला भक्तनिवास, सगळं साधं आणि स्वच्छ. महाप्रसादाचे पैसे नाहीत. दासनवमीला पाय ठेवायला जागा नसते. मी गडावर दासबोध घेऊन जाते, एक समास वाचते आणि कठड्याशी बसून उरमोडीचं पाणी बघते. हे ध्यान आहे का, ते मला माहीत नाही, पण खाली उतरताना डोकं हलकं असतं.

तिसरी जागा फारशी कोणी सांगत नाही. जत तालुक्यातलं उमदी. इंचगेरी परंपरेचे भाऊसाहेब महाराज इथले. नाम आणि ध्यान, तेही संसारात राहून, अशी ही परंपरा. तिच्यातले सिद्धरामेश्वर महाराज एका दुकानदाराला १९३३ साली मुंबईत भेटले. त्याचं वय छत्तीस, बायकामुलं असलेला, खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारा. पुढे तोच निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखला जाऊ लागला. मधल्या एका काळात ते घर सोडून निघाले होते, पण परतले आणि दुकान सांभाळत राहिले. त्यांच्या मराठी बोलण्यावरून तयार झालेलं इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये निघालं आणि जगभरातून माणसं त्यांच्या माडीवर येऊन बसू लागली. एका खोलीत हे सगळं घडलं. साधनेला डोंगरावरचं हॉटेल लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी.

रोज तासभर मोकळा असेल आणि गावातच शिकायचं असेल तर ब्रह्माकुमारींचा सात दिवसांचा राजयोगाचा पाठ बहुतेक तालुक्याच्या गावी विनामूल्य असतो. हार्टफुलनेस आणि सहजयोग यांचं प्राथमिक शिक्षणही फुकट आहे. प्रत्येकाची श्रद्धा, भाषा, जीवनपद्धती वेगळी आहे. दोन-तीन ठिकाणी आठवडाभर जाऊन बघा, मग एकाच ठिकाणी राहा. तीन विहिरी पाच-पाच फूट खणून पाणी लागत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पैसे घेणारी शिबिरं

पैसे घेतले म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. जागेचं भाडं, शिक्षकाचं मानधन, जेवण यांना पैसे लागतातच. पाचगणीचं एशिया प्लॅटो हे केंद्र १९६०च्या दशकात राजमोहन गांधींच्या पुढाकारानं उभं राहिलं. रोज थोडा वेळ शांत बसून आतला आवाज ऐकणं, हा तिथल्या कार्यक्रमांचा गाभा आहे. खर्च कार्यक्रमाप्रमाणे बदलतो, आधी विचारून जावं. आर्ट ऑफ लिव्हिंग, ईशा यांच्या शिबिरांनाही फी असते आणि ती जाहीर केलेली असते. जाहीर आकडा, पावती आणि नावानिशी संस्था, एवढं असेल तर ऐपत बघून ठरवा.

माझा एक अनुभव मात्र सांगते. आळत्याला जाण्याआधी, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, मी डोंगरावरच्या एका हॉटेलात शनिवार-रविवारच्या शिबिराला ९,५०० रुपये भरले होते. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे मिटून बसवलं, मऊ संगीत लावलं, आईवडिलांना आठवायला सांगितलं. सगळ्या रडल्या, मीही रडले. डोळे उघडले तेव्हा हातात फॉर्म होता: पुढची पायरी, ३२,००० रुपये, आज भरल्यास सवलत. माझ्या शेजारच्या बाईंनी जागेवर मोबाइलवरून दहा हजार पाठवले. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर "पैसे मिळाले" एवढा निरोप आला. पुढच्या आठवड्यात त्यांचा विचार बदलला, पैसे परत मिळाले नाहीत. मन उघडं पडलेलं असताना सही घेणं हा अन्याय आहे. यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: एकूण रक्कम, पुढच्या पायऱ्या असतील तर त्यांचीही रक्कम, न आल्यास परताव्याचा नियम आणि पावती. शिबिराच्या आवारात असताना पुढच्या शिबिराचे पैसे कधीही भरू नका, घरी येऊन आठ दिवस जाऊ द्या. फीवर जीएसटी लावला असेल तर बिलावर त्यांचा क्रमांक बघा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या योग-अध्यात्माच्या सेवेला जीएसटीची सूट आहे. देणगी दिली तर जुन्या करप्रणालीत आयकरात सवलत मिळू शकते, पण रोख २,००० रुपयांवर ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती नाहीच. फी ही देणगी नव्हे. फी घेऊन देणगीची पावती देणाऱ्यापासून लांब राहा.

फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूनं आहे. बिल न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणं हीसुद्धा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्यानं काम झालं नाही तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांच्या आत जायला हवं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. व्हॉट्सॲपचे निरोप, पैसे पाठवल्याची नोंद, जाहिरातीचा फोटो, सगळं जपून ठेवा. एक मेख मात्र लक्षात असू द्या: विनामूल्य सेवा या कायद्याखाली येत नाही. फुकट शिबिरात सगळी भिस्त संस्थेच्या विश्वासावर असते, म्हणून तिथे आधी गेलेल्या दोघांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

ज्यांनी थांबायला हवं

अर्जात प्रकृतीची माहिती विचारतात, ती खरी लिहा. मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर अकराला जेवण आणि पाचला फक्त हलकं खाणं, हे वेळापत्रक आधी डॉक्टरांना दाखवा. पूर्वी शिबिर केलेल्यांना तर बारानंतर जेवण नसतं. प्रकृतीच्या कारणानं सवलत मिळते, पण ती आधी सांगितली तर. गोळ्यांची डबी बारा दिवसांची भरून न्या. टेकडीवर औषधाचं दुकान नाही.

मनाचा आजार असेल, झोप पूर्ण उडालेली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. हे मी अगदी पाया पडून सांगते. दहा तास गप्प बसणं हे अशा वेळी औषध नाही, कधी कधी त्यानं त्रास वाढतो. चालू असलेली औषधं शिबिरासाठी स्वतःहून बंद करू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. खासगी डॉक्टरांची तपासणी पाचशे ते हजाराच्या दरम्यान पडते. त्या डबा-झाकणाच्या रात्री माझी झोप एकच दिवस उडाली होती. महिनाभर उडाली असती तर मी आधी डॉक्टरांकडे गेले असते.

घरी आल्यावर

शिबिर संपताना सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. खरं सांगते, मला दोन तास जमले नाहीत. पहाटे चाळीस मिनिटं जमतात. त्यासाठी दोन वस्तू घेतल्या: प्लॅस्टिकची हात नसलेली खुर्ची ५५० रुपयांना आणि गजराचं घड्याळ २८० रुपयांना. घड्याळ घ्याच. मोबाइलचा गजर बंद करायला हात गेला की बोट निरोपांवर जातं आणि चाळीस मिनिटं तिथेच संपतात. वर्षाला तीन-चार हजारांची वर्गणी घेणारी ॲप मी दोन महिने वापरून सोडली. आधी शिबिर केलेले लोक बऱ्याच गावांत आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, तेही फुकट असतं. गोंदवल्याची वाट धरलेल्यांना तर घरची माळ पुरते.

माझ्या त्या १३,५७० रुपयांतले ५,५२० रुपये बाईचे आणि डब्याचे, म्हणजे मी रोज बिनपैशानं जे करते त्याचे आहेत. मला शिबिराचा विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष जायला चार वर्षं लागली, ती फीमुळे नाही. सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, हे ठरत नव्हतं. शेवटी नवऱ्यानं सकाळची जबाबदारी घेतली, बाकीचं पैसे देऊन भागवलं. आपल्या घराघरांत पन्नाशीला आलेल्या कितीतरी बायका आणि काही पुरुषही याच एका गोष्टीसाठी अडून बसलेले आहेत. तुमच्या घरात कोणी दबक्या आवाजात "जाऊन यावं वाटतं" म्हणत असेल, तर पैशाचं विचारू नका. गोळ्यांची वेळ, गॅसवाल्याचा नंबर, दुधाचा रतीब हे एका कागदावर लिहून घ्या आणि अर्ज भरायला सांगा.